नगरची लेक, मद्रासची कादंबरीकार : कृपाबाई सत्यनाथन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, एका मराठी घरात जन्मलेल्या स्त्रीने मराठी मुलखापासून दूर मद्रास इलाख्यात राहून, इंग्रजीतून दोन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली माणसे, डोंगर, देवळे, सासर-माहेर आणि बोलण्याचालण्याच्या रीती मात्र जवळजवळ सर्वस्वी दख्खनच्या आहेत. या लेखिकेचे नाव कृपाबाई सत्यनाथन. भारतीय इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांना त्या परिचित आहेत आणि मद्रासच्या इतिहासातही त्यांची नोंद आहे. परंतु ज्या नगर-नाशिक-पुण्याच्या परिसराने त्यांना लेखनाचा विषय दिला, तेथील सर्वसाधारण वाचकापर्यंत त्यांचे नाव क्वचितच पोचलेले दिसते. भाषा इंग्रजी, आडनाव तमिळ, धर्म ख्रिस्ती आणि वास्तव्य मद्रासचे, अशा चार कारणांनी मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने त्यांना आपल्या उंबऱ्याबाहेर ठेवले असावे. प्रस्तुत लेखात त्यांच्या आयुष्याची व लेखनाची ओळख करून देताना, या चारही कारणांनंतरसुद्धा त्या मराठी जगाच्याच लेखिका कशा ठरतात, हे दाखवण्याचा प्रयत्न आहे.

कृपाबाईंचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर शहरात झाला. कल्याणहून निघून माळशेज घाट चढणारा आणि जुन्नर तालुक्यातील डिंगोरे, ओतूर, आळेफाटा या गावांवरून पूर्वेकडे जाणारा रस्ता ज्या शहराला पोचतो तेच हे नगर. जुन्नर परिसरातील माणसाला ते बाजाराचे आणि नातेसंबंधांचे शहर म्हणून ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात मात्र या शहराला आणखी एक ओळख होती. अमेरिकेतून आलेल्या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांनी १८३१ साली येथे ठाणे उभारले, आणि पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्यांच्या संस्थेने येथे शाळा, छापखाना आणि चर्च चालवले. ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक १८४२ साली याच शहरातून सुरू झाले. सिंथिया फरार या अमेरिकन शिक्षिकेने येथे मुलींच्या शाळा चालवल्या आणि त्यांच्याच कामाची प्रेरणा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शिक्षणकार्यामागे होती, हे आता बहुतेकांना माहीत आहे. फरारबाई जानेवारी १८६२ मध्ये नगर येथेच वारल्या आणि पुढच्याच महिन्यात कृपाबाईंचा जन्म झाला. मुलीने शिकावे की नाही, हा प्रश्न ज्या शहरात तीस वर्षे कृतीतून विचारला जात होता त्या शहरात कृपाबाई जन्मल्या, एवढा अर्थ या योगायोगातून नक्कीच निघतो.

त्यांचे वडील हरिपंत खिस्ती आणि आई राधाबाई हे मूळचे ब्राह्मण. हरिपंतांनी १८३९ च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मुंबई इलाख्यातील अगदी सुरुवातीच्या ब्राह्मण ख्रिस्तींमध्ये त्यांची गणना होते. त्या काळी अशा धर्मांतराचा अर्थ काय होता, हे आजच्या वाचकाने समजून घेतल्याशिवाय कृपाबाईंच्या लेखनाचा गाभा हाती लागत नाही. ‘बाटलेला’ माणूस जातीबाहेर जाई. त्याच्या हातचे पाणी चालत नसे, घरचे लोक तो मेला असे समजून त्याचे सुतक पाळत आणि त्याच्या बायकामुलांना त्याच्याकडे जाऊ देत नसत. धर्म बदलला म्हणून वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क जाऊ नये, अशी तरतूद करणारा कायदा १८५० साली झाला. हरिपंतांच्या वेळी त्याचाही आधार नव्हता. पुरुषाने हे सारे निदान स्वतःच्या विचाराने पत्करलेले असे. त्याच्या पत्नीला मात्र कोणी विचारलेले नसे, आणि ज्या निर्णयात आपला काही भाग नव्हता त्याची पूर्ण किंमत तिला द्यावी लागे. राधाबाईंच्या वाट्याला हेच आले. आपल्या आईची ही कोंडी कृपाबाईंनी पुढे कादंबरीत ज्या बारकाईने मांडली, तशी त्या काळच्या इतर लेखनात सहसा आढळत नाही, कारण धर्मांतराची बहुतेक वर्णने पुरुषांनी आणि पुरुषांविषयी लिहिलेली आहेत.

कृपाबाई या मोठ्या कुटुंबातील धाकट्या मुलांपैकी एक. त्या लहान असतानाच हरिपंत वारले आणि मुलांना वाढवण्याचा भार राधाबाईंवर व थोरला मुलगा भास्कर याच्यावर पडला. या भावाने कृपाबाईंना वाचनाची गोडी लावली. आपली पुस्तके तिला दिली, तिच्याशी बरोबरीच्या नात्याने विचारांची देवाणघेवाण केली आणि मुलीच्या बुद्धीला मुलाच्या बुद्धीइतकेच मोल दिले. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. भास्करही तरुण वयात गेला आणि या मृत्यूने कृपाबाईंना झालेले दुःख पुढे त्यांच्या पहिल्या कादंबरीच्या पूर्वार्धावर पसरलेले दिसते. भावाच्या पुस्तकांतून शिकलेल्या बहिणी एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात आणखीही असतील; त्यांच्यापैकी लेखणीपर्यंत पोचलेल्या मात्र फार थोड्या.

यानंतर कृपाबाई मुंबईला जनाना मिशनच्या शाळेत राहण्यास गेल्या. ‘जनाना’ म्हणजे घरातील स्त्रियांचा राखीव भाग. परक्या पुरुषाला तेथे प्रवेश नसल्याने त्या स्त्रियांपर्यंत शिक्षण, औषधोपचार आणि धर्मोपदेश पोचवण्यासाठी स्त्रियांनीच चालवलेल्या मिशनरी कामाला ‘जनाना मिशन’ म्हटले जाई. येथे एका अमेरिकन स्त्री-डॉक्टरचा सहवास त्यांना लाभला आणि आपणही वैद्यक शिकून, पुरुष डॉक्टरला हात दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्याकडील बायकांची सेवा करावी, ही इच्छा त्यांच्या मनात रुजली. त्यांची हुशारी पाहून इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी शिष्यवृत्तीही देऊ करण्यात आली होती. परंतु प्रकृती नाजूक असल्याने समुद्रप्रवास व तेथील थंड हवा मानवणार नाही असे ठरले आणि त्याऐवजी त्यांना मद्रासला पाठवावे, असा निर्णय झाला.

मद्रासच का, याचे उत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात आहे. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ साली स्त्रियांना प्रवेश दिला. त्या वेळी जगातील फारच थोड्या वैद्यकीय महाविद्यालयांची दारे स्त्रियांना खुली होती आणि खुद्द इंग्लंडमध्येही हा वाद धुमसत होता. पहिल्या तुकडीतील मेरी शार्लिब या पुढे लंडनमधील नामांकित डॉक्टर झाल्या. कृपाबाईंनी या महाविद्यालयात १८७८ साली प्रवेश घेतला, म्हणजे तेथे शिकू लागलेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची जागा आहे. आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेला निघाल्या त्या १८८३ साली. वैद्यक शिकण्याच्या ध्यासाने घर सोडलेली मराठी मुलगी त्यांच्याआधी पाच वर्षे मद्रासला पोचली होती, ही गोष्ट आपल्याकडील स्त्रीशिक्षणाच्या कथनात यायला हवी.

सोळा वर्षांच्या मराठी मुलीला त्या काळचे मद्रास परदेशाहून फारसे वेगळे नव्हते. तेथील भाषा तिला येत नव्हती, जेवण निराळे होते, हवा दमट होती, आणि ज्या घरी तिची राहण्याची सोय झाली ते घरही तमिळ भाषिकांचे होते. रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन हे मद्रासमधील मान्यवर भारतीय ख्रिस्ती धर्मगुरू आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅना या स्त्रियांच्या व मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्या होत्या. या घरात कृपाबाईंना आपुलकी मिळाली. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत त्यांनी उत्तम यश मिळवले. परंतु अभ्यासाचा ताण शरीराला झेपला नाही, १८७९ साली त्यांची प्रकृती ढासळली आणि डॉक्टर होण्याचा मार्ग कायमचा बंद झाला. विश्रांतीसाठी त्या पुण्याला बहिणीकडे परतल्या. या जागी थोडे थांबून विचार करावासा वाटतो: आनंदीबाई १८८६ साली पदवी घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, तेव्हा त्यांचे वय बावीसही नव्हते. कृपाबाईंचे शिक्षण अर्ध्यावर सुटले, पण त्यानंतर त्या पंधरा वर्षे जगल्या. वैद्यकाने गमावलेली ही विद्यार्थिनी त्या पंधरा वर्षांत साहित्याला मिळाली.

सत्यनाथनांचे चिरंजीव सॅम्युएल केंब्रिज विद्यापीठातील शिक्षण पूर्ण करून परतले होते. कृपाबाईंचा आणि त्यांचा विवाह १८८१ साली झाला. हा विवाह दोघांनी एकमेकांना ओळखून, परस्परांच्या संमतीने केलेला, आणि तोही मराठी वधू व तमिळ वर यांचा. जातीतल्या जातीत, आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्ने सर्रास लागत होती त्या काळात एकोणीस वर्षांच्या वधूने आपला जोडीदार स्वतः निवडावा, हे किती वेगळे होते ते सांगायला नको. सॅम्युएल यांची नेमणूक निलगिरीतील उटकमंड येथे ब्रीक्स मेमोरियल स्कूलचे मुख्याध्यापक म्हणून झाली आणि थंड हवेच्या त्या गावी कृपाबाईंची प्रकृती काहीशी सुधारली. तेथे त्या स्वस्थ बसल्या नाहीत. चर्च मिशनरी सोसायटीच्या साहाय्याने त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा सुरू केली व इतर शाळांतही शिकवले. त्यांच्या लेखनाचा आरंभही येथलाच. निलगिरीच्या पठारावर म्हशी पाळून राहणाऱ्या तोडा जमातीच्या वस्तीला दिलेल्या भेटीवर त्यांनी लेख लिहिला आणि तो ‘अ‍ॅन इंडियन लेडी’, म्हणजे ‘एक हिंदी स्त्री’, एवढ्याच सहीने वृत्तपत्रात प्रसिद्ध झाला. पुढे स्त्रीशिक्षण, घरातील संस्कार, हिंदू समाजाच्या चालीरीती या विषयांवरही त्या लिहीत राहिल्या.

त्यानंतरची काही वर्षे बदल्यांची होती. सॅम्युएल यांच्या नोकरीमुळे कुटुंब गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीला, मग कावेरीच्या खोऱ्यातील कुंभकोणमला आणि १८८६ साली पुन्हा मद्रासला आले. नाशिकची गोदावरी समुद्राला मिळण्याआधी जेथे पात्र पसरते त्या गावी कृपाबाईंना दिवस काढावे लागले, पण त्या उष्ण हवेत दुखणे पुन्हा उसळले. त्यांना झालेले एकुलते एक मूल वर्षाच्या आत दगावले. या आघाताने खचलेल्या कृपाबाईंना सावरण्यासाठी लेखनाचा आधार मिळाला आणि त्यातून ‘सगुणा’ ही कादंबरी आकाराला आली. ती ‘मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन’ या मासिकातून १८८७-८८ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली आणि लेखिकेच्या मृत्यूनंतर १८९५ साली पुस्तकरूपाने निघाली. तिचे उपशीर्षक ‘देशी ख्रिस्ती जीवनाची कथा’ अशा अर्थाचे आहे. भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेली पहिली आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून अभ्यासक तिचा निर्देश करतात. आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणजे लेखकाने स्वतःच्याच आयुष्यातील माणसे व घटना घेऊन, नावे व तपशील बदलून, कथेच्या रूपात मांडलेली कृती.

‘सगुणा’चा पहिला भाग सगुणाचा नाहीच, तो तिच्या आईचा, राधाचा आहे. लहान वयात लग्न होऊन आलेली राधा, तिची सासू, घरातल्या बायकांची दिनचर्या, सणवार, विहिरीवरच्या गप्पा, आणि मग पंडित नवऱ्याच्या मनात उठलेले धर्माविषयीचे वादळ, ज्याची राधाला कल्पनाही नाही. नवरा घर सोडून जातो आणि राधेला त्याच्या मागे जावे लागते. ज्या घरात ती जाते तेथील अन्न, स्पर्श आणि प्रार्थना सारे तिला अपवित्र वाटते, आणि तिचे मन तिकडे वळायला फार काळ लागतो. ख्रिस्ती घरात वाढलेल्या लेखिकेने धर्मांतराचे गौरवगीत लिहिले असते तर कोणाला आश्चर्य वाटले नसते. कृपाबाईंनी ख्रिस्ती श्रद्धेशी एकनिष्ठ राहूनही राधेच्या हिंदू घरातील उबेचे, तिच्या देवांचे आणि तिच्या तुटण्याचे वर्णन सहानुभूतीने केले आहे, आणि यातच त्यांची कलावंत म्हणून खरी योग्यता दिसते.

या ठिकाणी आयर्लंडमधील एका लेखिकेची आठवण उपयोगी पडेल. डब्लिनमध्ये वाढलेल्या आणि पुढे लंडनला स्थायिक झालेल्या सिडनी ओवेन्सन, ज्या ‘लेडी मॉर्गन’ या नावाने प्रसिद्ध आहेत, यांनी १८११ साली ‘द मिशनरी’ नावाची कादंबरी लिहिली. तिच्यात एक पोर्तुगीज धर्मोपदेशक गोव्याला येतो, काश्मीरपर्यंत जातो आणि लक्ष्मी या नावाचा इंग्रजी अवतार वाटावा अशा ‘लक्सिमा’ नावाच्या ब्राह्मण योगिनीच्या प्रेमात पडतो. ओवेन्सन यांनी भारत पाहिलेला नव्हता. त्यांची लक्सिमा पुस्तकांतून आणि कल्पनेतून उभी राहिली आहे. तीन पिढ्यांनंतर कृपाबाईंनी रंगवलेली राधा त्याच अनुभवातून जाते, म्हणजे जुन्या श्रद्धा आणि नव्या धर्मोपदेशकाची हाक यांच्या मध्ये सापडते, पण ती चुलीपाशी बसलेली, पदराने डोळे पुसणारी, जिवंत मराठी बाई आहे. दुरून कल्पिलेल्या चित्रात आणि आईकडून ऐकून लिहिलेल्या कथेत किती अंतर पडते, हे या दोन पुस्तकांच्या शेजारी शेजारी वाचनातून उमगते.

‘सगुणा’चा उत्तरार्ध मुलीचा आहे: भावाबरोबरचे वाचन, त्याचा मृत्यू, मुंबईची शाळा, मद्रासचे वैद्यकीय शिक्षण आणि मनाजोगा विवाह. येथे एक धागा विशेष लक्ष देण्याजोगा आहे. युरोपीय मिशनरी बायकांच्या घरात वावरताना देशी ख्रिस्ती मुलीला जी पायरी दाखवली जाते, जो उपकाराचा सूर लावला जातो, त्याचा सल सगुणा लपवत नाही. ब्राह्मणांनी टाकलेल्या आणि गोऱ्यांनी पूर्णपणे आपल्यात न घेतलेल्या या छोट्या समाजाची अवघड जागा तिला नेमकी कळलेली आहे. मिशनच्या आश्रयाने शिकलेल्या स्त्रीने, मिशनऱ्यांच्याच मासिकात, हे लिहावे, याला धैर्य लागते. कादंबरी म्हणून उत्तरार्धाची बांधणी सैल आहे आणि उपदेशाचे उतारे काही ठिकाणी कथेला अडवतात, हेही मान्य करावे लागेल. पण तो दोष त्या काळच्या बहुतेक भारतीय कादंबऱ्यांत सापडतो आणि बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) त्याला अपवाद नाही.

दुसरी कादंबरी ‘कमला’ ही कृपाबाईंनी शेवटच्या आजारपणात लिहिली आणि ती १८९४ साली प्रसिद्ध झाली. तिचे उपशीर्षक ‘हिंदू जीवनाची कथा’ अशा अर्थाचे. कथेची पार्श्वभूमी नाशिकच्या परिसरातील आहे. डोंगरावर एकांतात राहणाऱ्या विद्वान बापाजवळ वाढलेली कमला ही मोकळ्या रानाची, फुलापाखरांची आणि बापाच्या पोथ्यांची सोबत असलेली मुलगी. लग्न होऊन ती सासरी येते आणि तिचे जग एका वाड्याच्या भिंतींत आवळले जाते. सासू-नणंदांचा जाच आहे, पण लेखिका त्यांनाही राक्षसिणी करत नाही. त्याही अशाच आल्या आणि अशाच झिजल्या, हे वाचकाला दिसत राहते. नवरा गणेश इंग्रजी शिकलेला आहे आणि सुरुवातीला बायकोला शिकवण्याचा उत्साह त्याला येतो. घरातील बायकांना ते खपत नाही, त्याचाही उत्साह ओसरतो आणि सई नावाच्या देखण्या, स्वतंत्र वृत्तीच्या बाईकडे त्याचे मन ओढले जाते. सुधारणेच्या गप्पा मारणारा, पण घरच्या बायकांपुढे आणि स्वतःच्या मोहापुढे नमणारा शिकलेला तरुण हा त्या दशकातील मराठी समाजाला चांगलाच परिचित होता. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही याच सुमारास, १८९० नंतरच्या वर्षांत, क्रमशः येत होती आणि तिची नायिका यमू हिच्या दुःखाने महाराष्ट्र हळहळत होता. मद्रासला बसलेल्या कृपाबाई त्याच घरांची, त्याच सासुरवाशिणींची कहाणी दुसऱ्या भाषेतून सांगत होत्या.

गणेश पटकीने मरतो आणि कमला विधवा होते. तिच्यावर मनापासून प्रेम करणारा रामचंद्र तिला पुनर्विवाहासाठी विचारतो. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला होता, म्हणजे कादंबरी निघाली तेव्हा त्याला अडतीस वर्षे झाली होती. वाचक कमलेच्या होकाराची वाट पाहतो आणि कमला नकार देते. तिला रामचंद्र आवडत नाही असे नाही, परंतु जन्मापासून मनावर बसलेल्या धर्माच्या कल्पना तिला ओलांडवत नाहीत, आणि ती आपले उरलेले आयुष्य व वारशाने मिळालेले धन गरिबांच्या व निराधारांच्या सेवेला लावते. हा शेवट पुरोगामी वाचकाला खटकतो. तरी या ठिकाणी कृपाबाईंचे वाचन अचूक आहे असे म्हटले पाहिजे. कायदा पुस्तकात लिहिला गेल्याने स्त्रीचे मन मोकळे होत नाही, ज्या भिंतींनी तिला कोंडले त्या तिच्या आतही उभ्या राहिलेल्या असतात, आणि सुधारकांच्या भाषणांत ज्याचा क्वचितच उल्लेख येई ते हे सत्य एका कादंबरीने कमलेच्या एका नकारातून दाखवले. ख्रिस्ती लेखिकेने आपल्या हिंदू नायिकेला शेवटी ख्रिस्ती केले नाही, ही गोष्टही लहान नाही.

‘कमला’ व ‘सगुणा’ ही दोन्ही पुस्तके मद्रासच्या श्रीनिवास वरदाचारी आणि कंपनी या प्रकाशनसंस्थेने काढली, आणि १८९६ साली लेखिकेचे स्फुट लेखही तेथूनच एकत्र निघाले. ‘सगुणा’चा तमिळ अनुवाद लवकरच झाला. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया यांच्या हाती ‘सगुणा’ पडली व त्यांनी या लेखिकेची आणखी पुस्तके मागवली, असे तत्कालीन चरित्रलेखनात सांगितलेले आहे. राणीच्या पसंतीपेक्षा तमिळ वाचकांची पसंती अधिक मोलाची, कारण मराठी घरातली कथा तेथील बायकांना आपली वाटली, असा त्याचा अर्थ होतो.

कृपाबाईंनी मराठीत का लिहिले नाही, हा प्रश्न महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मद्रासमध्ये मराठी वाचक थोडे. घरची भाषा तमिळ आणि इंग्रजी. भारतीय स्त्रीचे आयुष्य इंग्रज वाचकाला आतून दाखवण्याची गरजही त्यांना जाणवत होती. मराठीत त्याच काळात स्त्रिया लिहू लागल्या होत्या. साळुबाई तांबवेकर यांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ १८७३ साली निघाली होती, ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली आणि कृपाबाईंपेक्षा एका वर्षाने मोठ्या असलेल्या काशीबाई कानिटकर ‘रंगराव’ लिहीत होत्या. शेवंतीबाई निकंबे यांची ‘रतनबाई’ ही मुंबईतील हिंदू मुलीवरची इंग्रजी कादंबरी १८९५ साली लंडनमधून प्रसिद्ध झाली. या नावांच्या रांगेत कृपाबाईंची जागा उघड आहे. मारिया एजवर्थ आणि सिडनी ओवेन्सन राज्यकर्त्यांच्या इंग्रजी भाषेत लिहीत होत्या, तरी आयर्लंडच्या वाङ्मयीन इतिहासात त्यांना स्थान आहे. त्यांनी कोणत्या मातीतील माणसे रंगवली हे त्यासाठी पाहिले गेले. तोच निकष लावला तर ‘सगुणा’ व ‘कमला’ यांना मराठी समाजाच्या वाङ्मयीन इतिहासात स्थान देण्यास अडचण येऊ नये.

क्षयाने कृपाबाईंचे शरीर आतून पोखरले होते. सासू-सासऱ्यांच्या निधनानंतर घरावर आलेल्या दुःखात त्यांची प्रकृती अधिकच खालावली आणि ३ ऑगस्ट १८९४ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मद्रासकरांनी त्यांची स्मृती दोन प्रकारे जपली. ज्या मेडिकल कॉलेजचे शिक्षण त्यांना अर्ध्यावर सोडावे लागले तेथे विद्यार्थिनीसाठी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती ठेवण्यात आली आणि मद्रास विद्यापीठाने इंग्रजीत उत्तम यश मिळवणाऱ्या विद्यार्थिनीसाठी पदक सुरू केले. सॅम्युएल सत्यनाथन यांचा पुढे दुसरा विवाह झाला. त्यांच्या द्वितीय पत्नी कमला सत्यनाथन यांनी १९०१ साली ‘इंडियन लेडीज मॅगझिन’ हे स्त्रियांचे इंग्रजी मासिक सुरू केले, आणि त्यांची कन्या पद्मिनी सेनगुप्ता यांनी पंडिता रमाबाईंचे इंग्रजी चरित्र लिहिले. नगरच्या एका मुलीने ज्या घरात लेखणी हाती घेतली त्या घरात ती पुढच्या पिढीपर्यंत फिरत राहिली आणि एका अर्थाने पुन्हा मराठी स्त्रीच्या कथेपाशी आली.

विसाव्या शतकाचा बराच काळ कृपाबाईंची पुस्तके जुन्या ग्रंथालयांच्या कपाटात पडून राहिली. स्त्रियांच्या लेखनाचा नव्याने शोध सुरू झाल्यावर सूझी थरू व के. ललिता यांनी १९९१ साली संपादित केलेल्या भारतीय स्त्रीलेखनाच्या मोठ्या संग्रहात त्यांना स्थान मिळाले, आणि १९९८ साली चांदनी लोकुगे यांच्या संपादनाखाली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने दोन्ही कादंबऱ्या पुन्हा छापल्या. त्यामुळे आज या पुस्तकांपर्यंत पोचणे अवघड राहिलेले नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ प्रेमाने वाचणाऱ्या महाराष्ट्राने, पतीच्या धर्मांतराने उन्मळून पडलेल्या दुसऱ्या एका ब्राह्मण स्त्रीची, राधाची, कथा तिच्या मुलीच्या लेखणीतून वाचायला हवी. नगरच्या एकाच मिशनच्या परिसराशी जोडलेल्या या दोन कथा परस्परांना प्रकाश देतात.

नगर, नाशिक आणि पुणे जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी आपल्या परिसराचा वाङ्मयीन इतिहास शिकवताना कृपाबाईंचे नाव घ्यावे, आणि डिंगोरे-ओतूर-जुन्नर पट्ट्यातील वाचनालयांनी ‘सगुणा’ व ‘कमला’ आपल्या संग्रहात ठेवाव्यात. इंग्रजी वाचू शकणाऱ्या तरुण वाचकाने, विशेषतः शिक्षणासाठी पहिल्यांदाच गाव सोडून निघालेल्या मुलीने, सुरुवात ‘सगुणा’पासून करावी.